प्रज्योतच्या जागी

१२ एप्रिल, शनिवार

पतसंस्थेने दिलेली ही डायरी जानेवारीपासून फळीवर पडून होती. पहिल्या पानावर आमच्या हिने, मनूने, डॉक्टरचा आणि गॅसवाल्याचा नंबर लिहून ठेवलाय, बाकी सगळी कोरी. आजपासून मी लिहिणार. बत्तीस वर्षं श्रीवर्धन आगारात कंडक्टर होतो, दिवसभरात काय झालं ते कागदावर उतरवल्याशिवाय कधी घरी आलो नाही. निवृत्त झालो म्हणून खोड जाते होय?

आज मस्कतला इराण आणि अमेरिकेची माणसं बोलणी करायला बसली. इराणने अणुबॉम्बच्या वाटेला जाऊ नये, युरेनियम किती शुद्ध करायचं त्याला मर्यादा घालून घ्यावी, आणि त्या बदल्यात अमेरिकेने निर्बंध उठवावेत, असा करार व्हायचाय. दिघीतल्या पेन्शनराला त्याचं काय पडलंय, असं कोणी विचारील. पडलंय, कारण माझा एकुलता एक पोर त्या निर्बंधांत अडकलाय.

प्रज्योत तेलाच्या जहाजावर डेकवर खलाशी आहे. वय सव्वीस. जहाजाच्या पोटात इराणचं तेल. जानेवारीपासून ओमानच्या आखातात नांगर टाकून उभं आहे. अमेरिकेने जहाजाला काळ्या यादीत टाकलं, विमा गेला, एकही बंदर आत घेत नाही, आणि मालक कुठल्या देशात बसतो ते कप्तानालाही ठाऊक नाही. जहाजाचं नाव दोनदा बदललं. दुसऱ्यांदा तर आमच्याच चिरंजीवांनी दोरीला लटकून जुन्या नावावर रंग मारला. फोनवर हसत हसत सांगत होता.

करार झाला की जहाज यादीतून सुटेल, सुटलं की बंदरात लागेल, बंदरात लागलं की पोर घरी. सरळ आहे. मनूला तीनदा समजावून सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, म्हणाली, "व्हय."

२१ एप्रिल

जेटीवरच्या चहाच्या टपरीवर आता मला खुर्ची मिळते. आगरदांड्याहून फेरीबोट आली की उतरणारे ओळखीचे लोक विचारतात, काय कंडक्टर, तुमचा करार कुठवर आला? जणू मीच सही करणार आहे. पोर अडकलाय असं मात्र मी तिथे बोललेलो नाही, करार झाला की जहाज फिरायला लागेल एवढंच सांगतो.

आज सगळ्यांना टक्क्यांचं समजावलं. वीज करायला तीन-साडेतीन टक्के शुद्ध युरेनियम पुरतं, इराण साठपर्यंत पोचलाय, बॉम्बला नव्वदच्या आसपास लागतं. दहा वर्षांपूर्वी करार झाला होता, इराणने पावणेचारच्या आत राहायचं कबूलही केलं होतं, तपासनीस जाऊन मोजत होते. तीन वर्षांत अमेरिका उठून गेली. मी म्हटलं, तिकीट फाडून दिल्यावर प्रवाशाला घाटात उतरवलं तर कंडक्टरची नोकरी जाते. यांचं कोणी काही वाकडं करत नाही. टपरीवाला हसून हसून बेजार.

गणराज पण बसला होता. आमच्या शेजारच्या नीराबाईचा मुलगा, पंचवीसेक वर्षांचा. नागावला पर्यटकांना समुद्रात बोटीवरून फिरवतो. पावसाळ्यात चार महिने घरी माश्या मारत बसायचं. त्याने जहाजाचा कोर्स केलाय, खलाशाचं पुस्तक, म्हणजे परवाना, तोही काढलाय, पण अनुभव नसलेल्याला कोणी घेत नाही. प्रज्योतबद्दल असं विचारत होता जसं काही तो अमेरिकेला शिकायला गेलाय.

११ मे, रविवार

प्रज्योतचा फोन. जनरेटर दिवसातून दोन तास चालवतात. प्यायचं पाणी तांबूस येतं, म्हणे आम्ही त्याला सरबत म्हणतो. तांदळात किडे, म्हणे मांसाहाराची सोय झाली. पोराचा स्वभाव माझ्यावर गेलाय, कशातही चेष्टा. फोन ठेवल्यावर मनू म्हणाली, तो हसत न्हवता. मी म्हटलं, मी ऐकलं ना हसताना. तिचा कान आता तसा राहिला नाही.

आज मस्कतला चौथी फेरी झाली. दोन्हीकडचे म्हणतात, कठीण पण उपयोगी. मला तर लक्षण चांगलं दिसतंय.

२१ मे

प्रज्योतशी बोललो. पोरगं अधीर झालंय. धीर धरायला सांगितलं. परवा रोमला पाचवी फेरी आहे.

मनूने विचारलं काय म्हणाला. म्हटलं, कंपनी सोडत नाही अजून.

२४ मे

रोमची फेरी झाली. मध्यस्थी करणारा ओमानचा मंत्री म्हणतो, थोडी प्रगती आहे, निर्णायक नाही. थोडी म्हणजे थोडी तरी आहे ना. सगळं एका दिवसात होत नसतं.

१४ जून, शनिवार

काल पहाटे इस्रायलने इराणवर बॉम्ब टाकले. उद्या सहावी फेरी होती मस्कतला. रद्द.

प्रज्योतचा फोन लागत नाही. दिवसभर लावतोय. मनू दारात बसून आहे. टीव्हीवर नकाशा दाखवतात, त्यात समुद्राचा जो निळा तुकडा आहे तिथे माझा पोर आहे आणि टीव्हीवाला त्याच्यावरून काठी फिरवतोय.

आता खरं लिहितो. या वहीत खोटं लिहून कोणाला फसवायचंय? एकवीस मेला प्रज्योतने फोन केला तो मला विचारायला. एजंटने सहा नवीन माणसं पाठवली होती, सहाजण उतरणार होते, कप्तानाने त्यालाही विचारलं. म्हणाला, "बाबा, उतरू का?" मी म्हटलं, पंधरा महिने झालेत, वरच्या पदाच्या परीक्षेला जहाजावरचे अठरा लागतात, तीन महिन्यांसाठी सगळं पाण्यात घालणार का? शिवाय करार तोंडावर आलाय. थांब. तो म्हणाला, बरं.

त्याच्या वाट्याची सुट्टी दुसऱ्या कुणाला तरी मिळाली. त्याला मी अडवला. कंपनीने नाही, अमेरिकेने नाही, मी.

२४ जून

युद्ध थांबलं म्हणतात. दुपारी फोन आला. अकरा दिवसांनी आवाज ऐकला. मी विचारलं कसा आहेस, तो म्हणाला आईला द्या. मनूने फोन कानाला लावला, खूप वेळ नुसती ऐकत होती, मधेच "व्हय बाला" म्हणायची. दहा मिनिटं. मग फोन माझ्याकडे न देताच ठेवला. मी विचारलं काय म्हणाला, तर म्हणाली, काय न्हाय, रडला.

इतके दिवस लांब राहिलं की मुलं आईशीच बोलतात. साहजिक आहे.

८ जुलै, मंगळवार

बेलापूरला गेलो होतो, एजंटच्या ऑफिसात. हितेश नाव. तिशीतला, शर्टाची बटणं ताणलेली, समोर तीन मोबाइल. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, काका काका केलं. मी बत्तीस वर्षं माणसं हाताळली, गोड बोलणारा मला लगेच कळतो.

म्हणाला, जहाज नांगरावर असलं तरी त्याच्यावर कमीत कमी अकरा माणसं लागतात. आज बरोबर अकरा आहेत. एक उतरला तर एक चढला पाहिजे, नाहीतर कप्तान कोणाला हलू देत नाही. आणि युद्धानंतर चढायला कोणी तयार नाही. मे महिन्यात सहा मिळाले, आता एक मिळत नाही. शेवटी म्हणाला, "काका, सीधी बात आहे. आदमी द्या, आदमी घ्या."

मी विचारलं, निदान त्याचे अठरा महिने तरी धरतील ना? हितेश मोबाइलकडे बघत म्हणाला, त्याचं थोडं लफडं आहे. तो या जहाजावर चढल्याची नोंदच नाही सरकारकडे. ते दिवस कुठेच धरले जाणार नाहीत.

मी टेबलावर हात आपटला. शिव्या दिल्या, बाहेरचा शिपाई आत आला. ज्या तीन महिन्यांसाठी मी पोराला थांबवला ते तीन महिने कुठे अस्तित्वातच नव्हते. पनवेलच्या स्टँडवर बसून रडलो. लोक बघत होते, बघू देत.

पण एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. रिलीव्हर, म्हणजे बदली माणूस, आल्याशिवाय उतरायचं नाही, हा नियम मला समजतो. आमच्या एस.टी.त तेच. पुढचा कंडक्टर स्टँडवर हजर झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही, मग पोट दुखो नाहीतर घरी बारसं असो. मी एकदा महाडला नऊ तास थांबलोय. आणि रिलीव्हर आला की त्याला कोणी सांगत नसे की पुढच्या गाडीत काय वाढून ठेवलंय. बॅग हातात द्यायची आणि निघायचं. तीच पद्धत.

१५ जुलै

गणराज घरी आला. बोटी किनाऱ्यावर ओढून ठेवल्यात, काम नाही. भिजलेला रेनकोट दारातच काढून ठेवला, पडवीत बसला. म्हणाला, काका, तुमची बेलापूरला ओळख झालीय, कुठे जागा असेल तर सांगा. पहिलं जहाज मिळालं की पुढची रांग लागते.

मी म्हटलं, बघतो.

मनू चुलीपाशी होती. तिने गणराजला चहा दिला, माझ्यापुढे कप ठेवलाच नाही. विसरली.

१८ जुलै

तीन दिवस विचार करतोय. बाजू दोन आहेत.

गणराजला जहाज हवंय. मी त्याला जहाज देतोय. यात फसवणूक कुठे आहे? त्याला पुस्तक आहे, कोर्स आहे, अंगात ताकद आहे. युद्ध थांबलंय. आता दोन्हीकडच्यांना अक्कल आली असेल. पुढच्या आठवड्यात इस्तंबूलला युरोपची माणसं इराणशी बोलणार आहेत. प्रज्योत उतरेपर्यंत कदाचित करार होईल, मग गणराजला तर दोन महिन्यांत बंदर बघायला मिळेल. प्रज्योतचं नशीब वाईट, तो मधल्या काळात सापडला.

दुसरी बाजू लिहायला घेतली होती. राहू दे.

हितेशला फोन केला. नाव कळवलं. प्रज्योतने विचारलं, कोण येतोय? म्हटलं, हितेशने शोधलाय कोणीतरी.

२२ जुलै

नीराबाईकडे गेलो. श्रीवर्धनच्या वाडीत सुपारी सोलायला जाते ती, बोटं काळी पडलेली. नवरा गेल्यावर एकटीने गणराजला वाढवला. मी सांगितलं, तेलाचं मोठं जहाज आहे, आखातात उभं आहे, काम हलकं, करार होतोय, तो झाला की जहाज फिरायला लागेल. प्रज्योत त्याच जहाजावर आहे म्हटल्यावर तिचा चेहरा फुलला. मी पुढे म्हटलं, त्याची मुदत भरली, तो उतरतोय, त्याच्याच जागी गणराज. तिने डोळे पुसले. म्हणाली, "कंडक्टरभाऊ, मला त्या दर्यातलं काय कलतंय? तुमी हाव म्हणून पाठवते."

संध्याकाळी ती पेढे घेऊन आली. गेल्यावर मनूने पेढ्याचा पुडा उघडलाच नाही. मला म्हणाली, "नीराला सांगितलंत?"

मी म्हटलं, सगळं सांगितलं. जहाज कुठे आहे, कशाचं आहे, सगळं.

मनू म्हणाली, "माज्या पोराला घरी आना. पन नीराला सांगून आना."

मी विचारलं, काय राहिलंय सांगायचं? तिने पुडा उचलून फळीवर ठेवला. तिला कुठून काय कळलंय कोण जाणे. बाईमाणूस, उगाच मनाला लावून घेते.

११ ऑगस्ट, सोमवार

गणराजला सोडून आलो. फेरीबोटीने आगरदांडा, तिथून गाडीने पनवेल, मग बेलापूर. रस्ताभर त्याने मला तिकीट काढू दिलं नाही. त्याने नवीन बूट घेतलेत, सारखा पुसत होता. हितेशने कागद पुढे केले, त्याने न वाचता सह्या केल्या. मीही वाच म्हटलं नाही. उद्या दुबईपर्यंत विमान, पुढे लाँच.

बाहेर आल्यावर विचारलंन, "काका, प्रज्योत कसा काय उतरतोय? लोक तर जहाज सोडायला बघत न्हाईत."

मी म्हटलं, बाबा, माणूस घरची आठवण काढतोच ना कधीतरी.

तो माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि परतीची गाडी पकडली.

१७ ऑगस्ट

प्रज्योतचा मेसेज. एकच शब्द. उतरलो.

जीव भांड्यात पडला. मी मोठ्याने ओरडलो, मनू धावत आली, मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, गणराज पोचला व्हय मंग. आणि आत गेली.

२० ऑगस्ट, बुधवार

पोर घरी आला.

अर्धा झालाय. गालफडं बसलीयत, हाताला कसले तरी चट्टे. मनूने श्रावण न बघता कोंबडी केली, वडे तळले. त्याने चार घास खाल्ले आणि पाण्याचा तांब्या दोन्ही हातांनी धरून बसला. पाणी नितळ आहे का ते बघत होता. मी पुढ्यात बसून सगळं विचारत होतो, तो हो-नाही करत होता. दमलाय. महिनाभर झोपला तरी कमीच आहे.

संध्याकाळी त्याला दुकानात पाठवला तर नीराबाईच्या दारावरून न जाता मागच्या बांधावरून, चिखलातून गेला. लोक बघायला येतात, त्याचा त्याला संकोच वाटत असेल. मी कोणाला बोलवणार नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. मुंबईवरून सगळी वाडी आलीय, घराघरात माणसं. माझ्या घरात यंदा प्रज्योत आहे, देवाने ऐकलं.

आज बातमी आली. युरोपच्या तीन देशांनी तक्रार टाकलीय की इराणने दहा वर्षांपूर्वीचा करार मोडलाय. तीस दिवसांत काही जमलं नाही तर राष्ट्रसंघाचे जुने निर्बंध आपोआप परत लागू. कोणाला मत द्यायची गरजच नाही, नुसतं घड्याळ चालू झालंय. असं कलम घालून ठेवणारा माणूस हुशार म्हणायचा.

आरतीला नीराबाई आली होती. आरती झाल्यावर सगळ्यांसमोर विचारलंन, कंडक्टरभाऊ, त्या कराराचं काय झालं, गणराज म्हणतो जहाज अजून जाग्यावरच हाय. मी म्हटलं, महिनाभराची मुदत आहे, एवढ्यात होईल. मुदत घातली की माणसं वठणीवर येतात. ती हो हो करत प्रसाद घेऊन गेली.

मागे बघतो तर प्रज्योत जागेवर नव्हता. मोदक तसाच ताटात.

१२ सप्टेंबर

नीराबाई आता रोज पाच वाजता येते. कामावरून येताना पडवीत टेकते, पाणी पिते, विचारते, आज काय म्हणतात? मी तिला पेपर वाचून दाखवतो. तपासनिसांना परत आत घ्यायला इराण तयार झालाय, काहीतरी ठरलंय कैरोला. ते ऐकून तिला बरं वाटलं. मलाही.

आता मला प्रत्येक बातमीत तिच्यासाठी काहीतरी शोधावं लागतं. आधी मी प्रज्योतसाठी वाचायचो तेव्हा निदान खोटं वाटलं तर टीव्ही बंद करायची सोय होती. पाच वाजायला आले की मी खाटेवर आडवा होतो. दोनदा मनूला सांगून बघितलं, मी झोपलोय म्हण. ती म्हणाली, उठून बसा, ती येतेय.

आज ती खुशीत होती. गणराजचा फोन आला होता. म्हणाला जेवण बरं हाय, पाणी बरं हाय, काळजी करू नको. फार हसत होता म्हणे फोनवर.

आतल्या खोलीत प्रज्योत होता. भिंतीवर काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, मांजर.

२३ सप्टेंबर

आज हितेशला फोन केला. म्हटलं, गणराजला उतरवायचं तर? तो म्हणाला, काका, तुम्हाला तर प्रोसिजर माहीत आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

हे सगळं आजच्या आज लिहून टाकतो.

काल पहाटेपासून निर्बंध परत लागू झाले. दहा वर्षांपूर्वीचे सगळेच्या सगळे. आता करार नाही, बोलणी नाही, घड्याळही नाही. पेपर मी दुपारपर्यंत चार वेळा वाचला. त्यात नीराबाईला वाचून दाखवण्यासारखी एक ओळ नव्हती.

काल रविवार, तिला सुट्टी, म्हणजे ती लवकर येणार. मी प्रज्योतला म्हटलं, मी बोर्लीला जाऊन येतो, काम आहे. तो दारात उभा राहिला. महिनाभरात पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलंन.

म्हणाला, तुम्ही जाणार न्हाय बाबा. आज सांगायचं.

मी म्हटलं, काय सांगायचं? मी तिच्या पोराला काय विहिरीत ढकललाय? त्याला जहाज हवं होतं, तो गेला. आणि तू कोण मला विचारणारा? तुझ्यासाठीच केलं ना?

तो खाली बसला. मग त्याने सांगितलं. ते मी जसंच्या तसं लिहितो.

लाँच आली तेव्हा तो शिडीपाशी बॅग घेऊन उभा होता. कोण येतंय ते त्याला माहीत नव्हतं. गणराज शिडी चढून वर आला, नवीन बूट, प्रज्योतला बघून गळ्यात पडला. म्हणाला, काकांनी पाठवलं. लाँचवाला खालून ओरडत होता, पाच मिनिटं. प्रज्योत म्हणाला, "बाबा, एक शब्द पुरला असता. 'परत फिर' एवढंच. लाँच खालीच होती. तो फिरला असता. त्याने विचारलं, जेवण कसं हाय रे? मी म्हटलं, बरं हाय. पाणी? म्हटलं, बरं हाय. आणि उतरलो."

तो म्हणाला, "तुमी मला मे महिन्यात थांबवलंत त्याचा राग होता माझ्या मनात. आता न्हाय. मी पण तुमचाच."

मनू चुलीपाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. तिला मे महिन्याचंही ठाऊक होतं, जूनमध्येच त्याने तिला फोनवर सांगितलं होतं. तीन महिने तिने ते पोटात ठेवलं आणि मला रोज ताट वाढलं. मी या वहीत तिच्याबद्दल काय काय लिहिलंय ते आज परत वाचलं. लाज वाटली.

नीराबाई यायची वाट बघितली नाही. आम्हीच तिघं तिच्या घरी गेलो. ती ओट्यावर गणराजच्या खोलीतली गादी उन्हात घालत होती. एवढी माणसं बघून घाबरली, म्हणाली, काय झालं माज्या गणूला? मनूने तिला हाताला धरून बसवलं.

मी बोललो. पहिल्यांदा अडखळलो, मग सगळं सांगितलं. जहाज यादीत आहे, तेल कोणी घेत नाही, मालक नाही, जहाज कुठे जाणार नाही. करार होईल म्हणत होतो तो आता होत नाही. प्रज्योतची मुदत भरली नव्हती, तो अडकला होता, आणि त्याला सोडवायला माणूस द्यावा लागत होता. तो मी दिला. हे सगळं मला तुझ्या पेढ्यांच्या आधी माहीत होतं.

प्रज्योतने त्याचं सांगितलं. शिडीवरचं.

मला वाटलं होतं ती शिव्या घालेल, अंगावर येईल. तशी तयारी करून गेलो होतो. ती नुसती हाताची बोटं चोळत बसली, काळी पडलेली. आणि विचारलंन, मंग तो कसा सुटेल?

मी नियम सांगितला. एक चढल्याशिवाय एक उतरत नाही.

ती म्हणाली, "म्हंजे आता मी कोनाचा पोर शोधू?"

माझ्या तोंडावर येत होतं ते एकच, होईल काहीतरी, थोडं थांब. जीभ चावली.

प्रज्योत म्हणाला, "काकू, कोनाला शोधू नका. माझं पुस्तक हाय. मी जातो."

मी मनूकडे बघितलं, तिने पदर तोंडाला लावला होता पण अडवलं नाही. मग मी नीराबाईकडे बघत राहिलो. पोराला पाळण्यापासून ओळखते ती, त्याचे चट्टे तिने बघितलेत, ती नको म्हणेल. नको रे बाला, एवढंच म्हणायचं होतं तिला. मी हात जोडायचा तेवढा बाकी होतो.

तिने डोळे पुसले, प्रज्योतला जवळ बसवून घेतलं आणि विचारलं, "कधी निघशील?"